कुलूप लागलेल्या खोलीचा फॉर्म

मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, दुपारचे सव्वातीन. जागा लातूरची, वैशाली मॅडमच्या भाड्याच्या घराची पुढची खोली. टेबलावर भरलेले फॉर्म एकशे अठ्ठ्याहत्तर. हजर माणसं तीन: स्वतः वैशाली मॅडम, ते फॉर्म भरून आणणारी सुरेखा, आणि मी. त्या दिवशी मी सांगितलं की यातला एकही फॉर्म प्रबंधात वापरता येणार नाही. फॉर्म जमवण्याची रीत ज्यानं सुचवली होती तो माणूसही मीच होतो.

मी नांदेडला राहतो. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र होतं, तेवढ्यावर सव्वीस वर्षं निभावलं. प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारी मंडळी माणसांच्या मनाचा अभ्यास करतात, त्या अभ्यासासाठी माणसं निवडून देणं हा माझा धंदा. नातेवाइकांना हे समजावता येत नाही, म्हणून माझी बायको "ते सर्वेचं काम करतात" एवढंच सांगते.

समजा, लातूर जिल्ह्यातल्या बायकांना झोप नीट लागते का, हे कोणाला शोधायचं आहे. सगळ्यांना विचारणं शक्य नाही, म्हणून दोनशे जणींना विचारायचं. पण कोणत्या दोनशे? प्रश्न काय विचारायचे, मोजपट्टी कोणती लावायची हे प्राध्यापकांनी ठरवायचं. कोणाला विचारायचं, ते मी. लातूरच्या आडतीत सोयाबीन घेणारा पोत्याच्या तोंडाशी हात घालून माल बघत नाही. टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसतो आणि तळचा दाणा काढतो. पोतंही तो निवडतो, विकणाऱ्यानं पुढे सरकवलेलं घेत नाही. आपणहून पुढे येऊन बोलणारी माणसं पोत्याच्या तोंडाशी असतात. तळाशी कोण आहे, ते शोधायला मला पैसे मिळतात.

हे सगळ्यांनाच पटतं असं नाही. फार पूर्वी एका प्राध्यापकांनी मला बोलावलं होतं. प्रबंध मराठवाड्यातल्या युवकांच्या आत्मविश्वासावर होता. मी विचारलं, "सर, युवक कसे निवडणार?" ते म्हणाले, "माझ्या वर्गात साठ पोरं हायत. दार लावलं की झाला नमुना." मी म्हटलं, "मग 'माझ्या वर्गाचा आत्मविश्वास' असं नाव ठेवा." त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही.

घर निवडलं तरी काम संपत नाही. त्या घरातलं कोण बोलणार? दार उघडेल त्याला विचारलं तर सगळे फॉर्म घरच्या कर्त्यांचेच होतील. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या करायच्या आणि एक उचलायची. धर्माबादकडच्या एका गावात चिठ्ठी सुनेच्या नावाची निघाली. प्रश्न होता, आठवड्यात राग किती वेळा येतो. सासरे बाजेवर बसले होते. म्हणाले, "तिला राग येत न्हाई. लिवा."

"आजोबा, तिलाच विचारू द्या."

"तिला काय इचारता? मी रोज बगूनच राहिलो ना."

आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला.

"ते मांजर आसंल," आजोबा म्हणाले.

माझ्या सगळ्याच आठवणी अशा हसण्यासारख्या नाहीत. पहिल्याच वर्षी मला मुखेड तालुक्यातल्या एका मोठ्या गावात पाठवलं होतं. निवडलेल्या घरांची यादी हातात होती. मी नेमका बाजाराच्या दिवशी गेलो, आणि निम्म्या घरांना कुलूप. आमच्या धंद्यात पैसे भरलेल्या फॉर्ममागे मिळतात, कुलपामागे मिळत नाहीत. मी सरळ शेजारच्या घरात गेलो, तिथंही कुलूप असलं तर त्याच्या पलीकडच्या. घरी कोण सापडलं? म्हातारे, आजारी, पाय मोडून पडलेले. अहवालात आलं की त्या भागातली माणसं फार उदास आहेत. ज्यांना बाजाराला जाता येत नव्हतं त्यांनाच मी विचारलं होतं. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही, इथं पहिल्यांदा लिहितो आहे. त्यानंतर मात्र कुलूप लागलेलं घर मी बदललं नाही, कोणाला बदलू दिलं नाही. माझी कामं यामुळे उशिरा होतात, महाग पडतात, आणि माझ्याबद्दल लोक काय बोलतात तेही मला ठाऊक आहे.

आता वैशाली मॅडमचं. वय सदतीस. लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचं मानधन, तेही सहा-सहा महिने थकणारं. पीएच.डी. झाली तरच कायम जागेसाठी अर्ज करता येणार. नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळाली होती, तिसरी मिळणार नव्हती. फेब्रुवारीअखेर प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द आणि पाच वर्षांचं काम पाण्यात.

विषय त्यांनी चांगला घेतला होता. लातूरच्या क्लासेसविषयी सगळे बोलतात, तिथं येणाऱ्या पोरांविषयीही बोलतात. पोरांसोबत येणाऱ्या आयांविषयी कोणी बोलत नाही. अकरावीला पोरगं किंवा पोरगी लातूरला निघाली की घरात ठरतं, मेसचं खाऊन आजारी पडेल, आईनं सोबत राहावं. मग एक खोली, एक शेगडी, एक तवा, आणि दोन वर्षं. नवरा, सासू, रान, जनावरं गावाकडे. पोर सकाळी सहाला क्लासला जातं ते संध्याकाळी येतं. मधल्या वेळात ही बाई काय करते, कोणाशी बोलते, तिला एकटं वाटतं का? मॅडमना हे शोधायचं होतं.

अडचण एकच होती. अशा आयांची यादी कुठंच नाही. क्लासवाल्यांकडे पोरांची नावं, बापांचे मोबाइल नंबर. आई कुठं राहते, राहते की नाही, याची नोंद कोण ठेवणार?

तेव्हा मी सुचवलं, "माझी मेहुणी मंदा पोराच्या क्लाससाठी लातूरलाच खोली करून राहते. तिच्यापासून सुरुवात करा. ती ओळखीच्या तिघींची नावं देईल, त्या तिघी आणखी तीन-तीन देतील." याला साखळी पद्धत म्हणतात. यादी नसली की ती वापरतात, आणि नीट वापरली तर तिच्यात गैर काही नाही. नीट म्हणजे साखळीचं टोक दहा-बारा वेगवेगळ्या ठिकाणी धरायचं. मी एकाच ठिकाणी धरलं. सोपं होतं, आणि लातूरला गेलो की मंदाच्या हातची भाकरी मिळायची.

मंदा मूळची मुखेडकडची, बोलकी. फोनवर म्हणाली, "दाजी, किती बायका पाहिजेत? शंभर? दोनशे? ग्रुपवर टाकते, उद्या दारात रांग लागंल."

रांगच लागली. सुरेखा फॉर्म भरत गेली. ही नांदेडजवळच्या खेड्यातली एम.ए. झालेली मुलगी. बायकांना असले प्रश्न पुरुषानं विचारून चालत नाही, म्हणून गेली सहा वर्षं ती माझ्यासोबत काम करते. सात आठवड्यांत एकशे अठ्ठ्याहत्तर फॉर्म झाले. मॅडम खूश होत्या, कारण निष्कर्ष वेगळा येत होता. लातूरला राहणाऱ्या या आयांना एकटं वाटत नाही! त्यांचे मार्गदर्शक त्यांच्याहून खूश. सगळ्यांना वाटतं त्याच्या उलटं सापडलं, म्हणजे प्रबंध गाजणार.

फॉर्म हाती आले की मी बेरजा करत नाही, आधी रकाने वाचतो. त्या शुक्रवारी संध्याकाळी नांदेडला घरी बसून गावांचा रकाना वाचला. एकशे अठ्ठ्याहत्तरांतल्या एकशे एकवीस जणी मुखेड तालुक्यातल्या. मंदाचाच तालुका. मग चौदावा प्रश्न काढला: गेल्या महिन्यात मनातलं बोलायला इथं तुमचं कोणी होतं का? पानामागून पान 'हो'. 'नाही' म्हणणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

असणारच ना! प्रत्येक बाई आमच्यापर्यंत आली होती ती कोणाच्या तरी ओळखीतून. जिची लातूरमध्ये कोणाशीच ओळख नाही, ती ओळखीतून सापडणार कशी? एकटेपण मोजायला निघालो आणि एकटी बाई आतच येऊ शकणार नाही असं दार मी करून ठेवलं होतं. सव्वीस वर्षांनंतर. मी बायकोला म्हटलं, उद्या सकाळच्या एसटीनं लातूरला जातो. ती म्हणाली, उद्या तर भाचीचं साखरपुड्याचं बोलणं आहे. मी म्हटलं, तू जा.

तर तो शनिवार. मी सगळं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "काका, हे तुम्ही सप्टेंबरात का नाही सांगितलं?"

"सुचलं नाही."

"सव्वीस वर्षं हेच करताय ना?"

"हो."



सुरेखा मधे पडली. "सर, यातला एक तरी फॉर्म खोटा हाय का? एकेका बाईपुढं पाऊण-पाऊण तास बसलेय मी."

"एकही खोटा नाही. पण सगळे मंदाच्या ओळखीतल्या बायकांचे आहेत."

"मग बाहेरच्याला ते कसं कळंल?"

"कळणार नाही," मी म्हटलं. खरंच कळलं नसतं. प्रबंधात 'साखळी पद्धतीने निवड' असं एक वाक्य पुरलं असतं. असे किती प्रबंध कपाटांत उभे आहेत, त्यातले काही मला नावानिशी माहीत आहेत.

मॅडमनी गठ्ठ्यावरचा एक फॉर्म उचलला, चौदावा प्रश्न बघितला, परत ठेवला. असे आठ-दहा बघितले. मग म्हणाल्या, "बाहेरच्याचं सोडा. मला कळलं ना आता. साडेतीन महिने आहेत. होईल?"

"होईल. नाही झालं तर दोष माझा."

"दोष तुमचा असून मला काय उपयोग, काका? होईल का ते सांगा."

मी हिशोब मांडला आणि म्हटलं, होईल.

संध्याकाळी मंदाकडे गेलो. तिला सांगणं भाग होतं. ती भडकली. "म्हंजे आमच्या बायकांनी फुकटचा टाइम घालवला म्हणा की. आमचं दुःख काय नापास झालं का, दाजी?"

"तसं नाही. तू भिशी चालवतेस ना? चिठ्ठी कशी काढता?"

"डोळे झाकून."

"आणि तू डोळे उघडे ठेवून, मुखेडच्या मैत्रिणीचीच चिठ्ठी काढलीस तर?"

"बायका झिंज्या उपटतील माझ्या."

"माझंही तेच झालंय. डोळे उघडे ठेवून चिठ्ठी काढली."

तिनं ताट वाढलं. पण "झिंज्या हायत कुठं तुमाला उपटायला" एवढं बोललीच. तिच्या त्या एकशे अठ्ठ्याहत्तर बायकांचा वेळ मी वाया घालवला, हे तिचं म्हणणं खरं आहे. त्याची भरपाई मला आजतागायत सापडलेली नाही.

दुसऱ्या फेरीत ओळख वापरायची नाही, असं ठरवलं. क्लासेसच्या आसपासचा भाग पायी हिंडून गल्ल्यांचा नकाशा केला. सत्तर गल्ल्या झाल्या. सत्तर चिठ्ठ्या डब्यात घालून वीस काढल्या. या वीस गल्ल्यांतलं प्रत्येक दार वाजवायचं आणि एकच विचारायचं: इथं पोरासोबत आई राहते का? राहत असेल तर यादीत घ्यायचं. म्हणजे जी यादी जगात नव्हती ती आम्हीच करायची, निदान वीस गल्ल्यांपुरती.

घरमालकांनी घाम काढला. त्यांना वाटायचं आम्ही कर लावायला आलो. एकानं दारातच सांगितलं, "माझ्याकडं चारच खोल्या हायत." मी बोळात बघितलं. लातूरला नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक बिऱ्हाडाचा आपला निळा ड्रम असतो. बोळात नऊ ड्रम, प्रत्येकावर वेगळ्या रंगात नाव, आणि तीन ड्रमांच्या झाकणाला साखळी-कुलूप.

"मालक, हे ड्रम?"

"माझेच हायत सगळे."

"एकट्याला नऊ?"

"पाणी येत न्हाई हो. तुमी नांदेडचे, तुमाला गोदावरी हाय. तुमाला काय कळणार?"

"आणि यावर 'सौ. कांताबाई' लिहिलंय ते?"

तो हसला. "बरं, नऊ लिवा. पण ते कागद महापालिकेत गेले तर बगा." तेव्हापासून आम्ही खोल्या विचारायचं सोडलं आणि ड्रम मोजायला लागलो.

डिसेंबरअखेर यादी झाली. चारशे ऐंशी आया. त्यातली दर तिसरी घ्यायची. सुरुवात पहिलीपासून, दुसरीपासून की तिसरीपासून, तेही चिठ्ठीनंच ठरवलं. दुसरी निघाली. दुसरी, पाचवी, आठवी असं मोजत एकशे साठ नावं आली. प्रत्येकीचा फॉर्म आधीच एक ते एकशे साठ क्रमांक घालून तयार केला.

मग मी मॅडमना एक अट घातली. या वेळी सुरेखाला पैसे भरलेल्या फॉर्ममागे द्यायचे नाहीत, निवडलेल्या नावामागे द्यायचे. नावामागे शंभर. बाई भेटली तरी शंभर, चार वेळा वेगवेगळ्या वेळी जाऊन भेटली नाही तरी शंभर. चारही खेपांची तारीख आणि वेळ फॉर्मवर हवी. माझा आकडा शून्य, कारण पहिली फेरी माझ्यामुळे गेली.

सुरेखा म्हणाली, "कुलपाचे पैसे? सर, येडे झालात का? कोणी घरीच बसून चार तारखा लिहिल्या तर?"

"तू लिहिशील?"

"मी न्हाई हो. पण आपलं एक बोलले."

"कुलपाचे पैसे मिळाले नाहीत तर माणूस शेजारच्या दारात जातो. मी गेलोय."

"कधी?" तिनं विचारलं. मुखेडचं मी तिला तरीही सांगितलं नाही.

काम सुरू झालं. पहिल्या गल्लीपासूनच चौदाव्या रकान्यात 'नाही' दिसायला लागलं. बीडची बाई, परभणीची बाई, कर्नाटकातून आलेली बाई. कोणी म्हणे, पोराच्या बापाशी फोनवर बोलते तेवढंच. कोणी म्हणे, आठ दिवस झाले, मोठ्यानं बोलले ते दूधवाल्याशी.

ज्यांची नावं निघाली नाहीत त्यांचा वेगळाच त्रास. एका खोलीत फॉर्म भरताना शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "माजं नाव का न्हाई? मीबी एकटीच हाय की. मला इचारा." सुरेखानं मला फोन केला. मी सांगितलं, फॉर्म भरायचा नाही. आपणहून आलेली घ्यायची नाही, हा नियम. सुरेखा म्हणाली, "फॉर्म न्हाई भरत. पण बसते थोडा वेळ." ती दोन तास बसली. त्या दोन तासांची नोंद कोणत्याही कागदावर नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकोणीस फॉर्म उरले, बहुतेक कुलूप लागलेल्या खोल्यांचे. त्यातली एक खोली माझ्या चांगली लक्षात आहे. यादी करताना तिथं एका मुलीनं दार उघडून सांगितलं होतं, मम्मी असते, कामावर गेली आहे. त्यानंतर तीन खेपा, सकाळ, दुपार, रविवार, दर वेळी कुलूप. शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "आई? छे हो. पोरगी एकटीच राहती. सात महिन्यांत आई-बिई कोणी बगितली न्हाई आम्ही." घरमालकीण तेच म्हणाली.

मॅडमना मी म्हटलं, यादीत चूक झाली असेल, पण चौथी खेप घ्यावी लागेल. सुरेखा म्हणाली, "दोरीवर साडी वाळत असती, सर. पोरगी साडी नेसंल का?" चौथी खेप तिनं पहाटे पाचला घेतली. ती पोचली तेव्हा एक बाई त्या खोलीचं दार हळूच ओढून घेत होती.

पुढचं सुरेखानं मला त्याच सकाळी सांगितलं. ती बाई तेलंगणाच्या हद्दीवरच्या गावची. एका मेसमध्ये पोळ्या लाटायला पहाटे जायची, यायची तेव्हा गल्ली झोपलेली असायची. पोरीची फी त्यातून जायची. सुरेखानं नाव घेतल्यावर ती घाबरली.

"माजं नाव कोन दिलं तुमाला?"

"कोणी दिलं न्हाई, ताई. चिठ्ठीत निघालं."

"चिठ्ठीत घातलं कोन?"

"आम्हीच. सगळ्यांची घातली होती."

ती बाई दारातच थांबली. "म्हंजे मी हितं राहते ते लिवलेलं हाय कुटंतरी?"

"हाव. एकशे अठरा नंबरला."

त्याच दिवशी दुपारी, मेसच्या दोन पंगतींच्या मधल्या वेळात, लसूण सोलता सोलता तिनं फॉर्म भरून दिला. मेसचा मालक दोनदा डोकावून गेला. "काय चौकशी हाय? पगाराची न्हाई ना?" सुरेखा म्हणाली, "झोपेची हाय." तो म्हणाला, "मग इचारा, झोप लई हाय तिला." ती बाई हसली. चौदावा प्रश्न आला. मनातलं बोलायला इथं कोणी होतं का?

"तुमाला धरायचं का?" तिनं विचारलं.

सुरेखा म्हणाली, "गेल्या महिन्यातलं विचारलंय, ताई. मी तर आज आलेय."

"मग न्हाई लिवा," ती म्हणाली, आणि लसूण सोलायला लागली.

पहिल्या फेरीत ही बाई कोणत्याही साखळीत आली नसती. दुसऱ्या फेरीतही, शेजारचं दार वाजवायची मुभा असती तर, तिच्याऐवजी 'आई? छे हो' म्हणणारी शेजारीण आली असती. मी आयुष्यभर जे करतो ते कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी एकशे अठरा नंबर सांगेन.

फेब्रुवारीच्या मध्यावर काम थांबवलं. एकशे साठपैकी एकशे एकोणपन्नास झाले. चौघींनी नकार दिला, सात खोल्यांचं कुलूप चार खेपांत निघालं नाही. अकरा फॉर्म कोरे.

मॅडमचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "एकशे एकोणपन्नास हा काय आकडा आहे? जुन्या गठ्ठ्यातले अकरा घ्या आणि एकशे साठ करून टाका. परीक्षकांना गोल आकडा बरा वाटतो." फोन स्पीकरवर होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "सर, त्या अकरा जणी आहेत. भेटल्या नाहीत म्हणून नाहीत असं नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या कशा बसवू?" मार्गदर्शक म्हणाले, उशीर झाला तर माझ्याकडे येऊ नका. मॅडम बरं म्हणाल्या. त्यानंतर बारा दिवस त्या किती झोपल्या हे मी विचारलं नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी प्रबंध विद्यापीठात पोचला.

तोंडी परीक्षा यंदा सप्टेंबरात झाली. ती खुली असते, कोणीही जाऊन बसू शकतं. मी आणि सुरेखा मागच्या रांगेत बसलो. बाहेरच्या परीक्षकांनी पानं चाळत पहिलाच प्रश्न विचारला, "अकरा कमी का? दुसऱ्या निवडता आल्या असत्या."

मॅडम म्हणाल्या, "सर, कुलूप लागलेल्या दाराआडची बाई आणि उघड्या दारातली बाई सारखी नसते. हे मी एकदा चूक करून शिकले." आणि त्यांनी पहिल्या फेरीचे एकशे अठ्ठ्याहत्तर फॉर्म, ते का टाकले, सगळं सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. प्रबंधात त्याचं एक छोटं परिशिष्ट होतं, ते कोणी वाचलं नसतं. परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "टाकायचं कोणी ठरवलं?" मॅडम म्हणाल्या, "मी." ते खरं होतं. मी फक्त चूक दाखवली होती, तीही स्वतःची. गठ्ठा बाजूला सारणारा हात त्यांचा होता. मागच्या रांगेत बसून मला जे वाटलं ते पोरीच्या लग्नातही वाटलं नव्हतं. बायको हे वाचणार आहे, तरी लिहितो.

पीएच.डी. झाली. त्या अकरा जणी कोण, कशा, हे मात्र आम्हाला कळलं नाही. कदाचित सगळ्यांत एकट्या त्याच असतील. प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलं आहे.

पैशाचं सांगून थांबतो. तासिकांचं थकलेलं मानधन मॅडमना परीक्षेनंतर पंधरा दिवसांनी मिळालं. त्यांनी सुरेखाला घरी बोलावलं. ती म्हणाली, "मॅडम, कोऱ्या अकराचे नको मला. लाज वाटती." मॅडम म्हणाल्या, "नुसत्या सात कुलपांच्याच अठ्ठावीस खेपा झाल्यात. घे." सुरेखानं घेतले. एकशे साठ नावांचे, शंभर रुपयांप्रमाणे, सोळा हजार. त्यातले अकराशे रुपये सात कुलपांचे आणि चार नकारांचे.